संख्याशास्त्राचा एक पेपर, बत्तीस व्हिडिओ: ऑनलाइन विद्यापीठातल्या कामाच्या नोंदी

अकरा वर्षं सीनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवलं. २०२४ मध्ये एका विद्यापीठाच्या ऑनलाइन विभागात कंत्राटी काम घेतलं आणि बी.कॉम.चा 'व्यावसायिक संख्याशास्त्र' हा पेपर मराठीतून उभा केला. तेव्हा वहीत लिहून ठेवलेलं इथे उतरवते आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही. असं काम हाती घेतलेल्यांपैकी कुणाचे चार दिवस यातून वाचले तर वाचोत.

२२ एप्रिल २०२४

करारावर सही केली. अकरा महिन्यांचा करार. कामाचे दोन भाग: आधी ३२ मॉड्यूल, म्हणजे छोटे धडे, तयार करायचे, दर मॉड्यूलला २५०० रुपये, १० टक्के टीडीएस वजा. मग बॅच सुरू झाली की त्याच पेपरची कोर्स मेंटर, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी, म्हणून महिन्याला १८,००० रुपये. नियमाप्रमाणे २५० विद्यार्थ्यांमागे एक मेंटर, त्यामुळे तेवढे भरेपर्यंत मी एकटीच.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमावलीप्रमाणे ऑनलाइन पेपरला चार अंगं लागतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चामंच आणि चाचण्या. चार क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे १२० तास. माझे किती तास, ते कुठल्याच कागदावर नाही. म्हणून आजपासून मीच मोजणार.

२९ एप्रिल

आठवडा वाया गेला. विभागाने जुन्या बहिस्थ अभ्यासक्रमाचं पुस्तक दिलं, 'यावरून मजकूर तयार करा' म्हणाले. पुस्तक श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेलं. युनिकोडमध्ये बदलून घेतलं तर सगळे रफार उड्या मारून पुढच्या अक्षरावर बसलेले. 'सर्व'चं 'सवर्', 'वर्ष'चं 'वषर्'. शोधा-बदला करून काही सुधारलं, पण 'वर्ग' आणि 'वर्गांतर' एकाच झटक्यात नीट करायला गेले आणि ४० पानांत 'वगार्ंतर' होऊन बसलं. शेवटी पहिली ६० पानं हाताने टाइप केली.

शिकले ते एवढंच: जुना फॉन्ट बदलून मिळालेला मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा पुस्तक शेजारी ठेवून फोनला वाचून दाखवावं. बोलून टाइप होताना चुका पडतात, पण त्या डोळ्यांना दिसणाऱ्या असतात. चुकीच्या जागी बसलेला रफार तिसऱ्या वाचनातही निसटतो.

६ मे

पहिलं रेकॉर्डिंग. साताऱ्यातलं घर, मागची खोली, वर पत्रा. पंखा लावला तर आवाजात घरघर, बंद केला तर दहा मिनिटांत चष्म्यावर वाफ. सकाळी नऊला बसले: भाजीवाल्याचा भोंगा, मग भंगारवाला, मग सासूबाईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. शिट्ट्या होईपर्यंत थांबले आणि परत सुरुवात केली, तर दारात गॅसवाला.

मग पहाटे साडेचारला उठायचं ठरवलं. शांतता मिळाली, पण सव्वापाचला कोकीळ सुरू. मे महिन्यात ती थांबत नाही. ऑडॅसिटी या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करायची सोय आहे, तिने पंख्याची सलग घरघर जाते. कोकिळेची तान आणि माझा आवाज मात्र एकाच पट्टीत. तिला काढायला गेले तर मी डब्यातून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागले. मॉड्यूल १ मध्ये कोकीळ आहे. राहू दे.

१४ मे

जमलं. तीन भिंतींना गोधड्या टांगल्या, चौथ्या बाजूला कपाट उघडं ठेवलं. आवाज घुमायचा थांबला. कॉलरला लावायचा माइक ११५० रुपये, हा खर्च सार्थकी लागला. गोल लाइट ९०० रुपये, हा फुकट गेला; चष्म्यात दोन गोल दिसतात. लिहायची पाटी, म्हणजे पेन टॅबलेट, ३४०० रुपये. राउटरला छोटा यूपीएस १४०० रुपये, वळवाच्या पावसाने दोनच दिवसांत त्याची किंमत पटवली. विभागाकडे खर्च मागितला, तर मानधनातच धरलाय म्हणाले.

एका मॉड्यूलला आत्ता ११ तास लागतायत.

२७ मे

सहा मॉड्यूल पुन्हा केले. ऐकवत नव्हते. लिहून काढलेलं वाचत होते, त्यामुळे आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं वाटत होतं. न वाचता बोलायला गेले तर तेही जमेना. वर्गात एखादं पोर कपाळाला आठी घालतं आणि आपण तेच दुसऱ्या शब्दांत सांगतो. इथे समोर काळं भिंग.

उपाय असा केला की बहिणीच्या मुलाला कॅमेऱ्यामागे बसवला. बारावी नुकतीच झालेली, गणिताची भीती पक्की. नियम एक: कळलं नाही की हात वर करायचा, बोलायचं नाही. प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते मोजायच्या, मॉड्यूलमध्ये त्याने नऊ वेळा हात वर केला. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, आधी वर्ग करायचा आणि मग वर्गमूळ काढायचं, तर मग केलंच कशाला?" यापेक्षा चांगला प्रश्न मला अकरा वर्षांत वर्गात आला नव्हता. मध्यापासूनची, म्हणजे सरासरीपासूनची, अंतरं नुसतीच बेरजेला घेतली तर अधिक-उणे मिळून शून्य होतात, हे मी एका वाक्यात उरकलं होतं. आता त्यावर चार मिनिटं आहेत.

त्याला रोजचे शंभर रुपये देते. हाही खर्च मानधनातच.

४ जून

लोकसभेचा निकाल. सकाळपासून फटाके. रेकॉर्डिंग शून्य. स्लाइडवरची अक्षरं मोठी केली.

२० जून

मजकुराची वाङ्मयचौर्य तपासणी. गंमत अशी की चुकीच्या रफारांचा जो मसुदा एप्रिलमध्ये नुसता नमुना म्हणून पाठवला होता, त्याची जुळणी शून्य टक्के आली होती आणि शाबासकी मिळाली होती. शुद्ध केलेल्या मजकुराची ३१ टक्के आली. मध्यकाची व्याख्या वेगळ्या शब्दांत किती वेळा लिहिणार? व्याख्या पुस्तकातल्याच ठेवल्या, उदाहरणं सगळी बदलली, पुन्हा तपासलं. १२ टक्के. तीन दिवस गेले. पण उदाहरणं बदलली ते बरंच झालं. जुन्या पुस्तकात साखरेचा भाव किलोला सहा रुपये होता.

८ जुलै

चाचण्यांची प्रश्नपेढी. विद्यापीठाचं पोर्टल मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतं. एकेक प्रश्न भरत बसण्यापेक्षा गिफ्ट नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहून एकदम चढवता येतात, म्हणून ४१२ प्रश्न तसे लिहिले. चढवले. चढले. चाचणी सोडवून पाहिली तर निम्म्या गणितांत काहीही निवडा, बरोबरच.

कारण हे. त्या पद्धतीत बरोबर पर्यायाआधी बरोबरचं चिन्ह लावतात आणि चुकीच्या पर्यायाआधी नागमोडी रेघ. माझ्या पर्यायांत सूत्रं होती, सूत्रात बरोबरचं चिन्ह असणारच. पोर्टलला वाटलं, हाही बरोबर पर्याय, तोही बरोबर पर्याय. मजकुरात असं चिन्ह आलं की त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. महिरपी कंस, कोलन आणि हॅश यांचंही तेच. ६७ प्रश्न हाताने दुरुस्त केले. आधी पाच प्रश्न चढवून सोडवून बघायचे असतात, हे सांगणारं कुणी नव्हतं. आता मी आहे.

३१ जुलै

३२ मॉड्यूल दिले. शेवटच्या दहांना प्रत्येकी पाच तास लागले. एकूण तास २२९. पुन्हा केलेले सहा वेगळे मोजले नाहीत, धीर झाला नाही. मंजूर झालेल्या १२ मॉड्यूलचे पैसे आले: ३०,००० मधून टीडीएस जाऊन २७,०००. बाकीचे 'प्रक्रियेत'.

९ सप्टेंबर

बॅच सुरू होऊन आठवडा झाला. यादीत २३१ नावं. यादी सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकूर फाइलीत, आली, एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी चिन्हांची रांगोळी. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडायची नाही; डेटा मेनूतून मजकूर फाइल आत घ्यायची आणि एन्कोडिंग विचारेल तिथे यूटीएफ-८ निवडायचं. विभागातल्या एकाने आधीच ती बिघडलेली फाइल सेव्ह करून पुढे पाठवली होती. ४० जणांना 'प्रिय प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्ह' अशी मेल गेली.

काल पहिला थेट तास, रविवारी रात्री नऊला. गणपतीचा दुसरा दिवस, बाहेर आरती. २२ जण आले. कॅमेरा एकाचाही चालू नाही. "आवाज येतोय का?" असं मी चार वेळा विचारलं. नंतर चॅटमध्ये उत्तर आलं: "मॅडम येतोय, आरतीला उभा आहे."

१८ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज शांत बसून अहवाल पाहिला. व्हिडिओ कोण कुठपर्यंत बघतं ते त्यात दिसतं. मॉड्यूल ३ मध्ये निम्मे लोक सहा मिनिटं चाळीस सेकंदांना बाहेर पडतायत. एवढ्या जणांना एकाच क्षणी कंटाळा येईल कसा? स्वतःच्या फोनवर लावून पाहिलं. तिथे वारंवारिता सारणी येते: बारा ओळी, पाच रकाने. लॅपटॉपवर सुरेख. फोनवर मुंग्या.

सारणी तीन तुकड्यांत मोडली आणि तेवढाच भाग नव्याने केला. मग सगळ्याच ३२ व्हिडिओंच्या सारण्या फोनवर तपासल्या. नऊ ठिकाणी तोच प्रकार. पडद्यावर एका वेळी चार ओळी, त्याहून जास्त नाही.

दुसरी चूकही आजच कळली. २२ मिनिटांचा व्हिडिओ ६६० एमबीचा होता. माझे बरेच विद्यार्थी दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या पॅकवर आहेत, आणि त्याच फोनवर घरातलं पोरही असतं. दोन मॉड्यूल बघितले की दिवस संपला. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्टता ४८० वर आणली, सेकंदाला तीसऐवजी दहा चित्रं ठेवली. पाटीवर लिहिताना फरक कळतसुद्धा नाही. फाइल ६० एमबी झाली. ३२ फाइली रात्रभर लॅपटॉपवर लावून ठेवल्या, तीन रात्री. 'एचडी हवंच' हा आग्रह विभागाचा होता. मी विचारलं नाही, सांगितलं.

२ ऑक्टोबर

सुट्टी असूनही ३७ फोन. पहिली गुणांची चाचणी. मध्य काढा, उत्तर चौकटीत लिहा. मुलं उत्तर लिहितात आणि पोर्टल म्हणतं, वैध संख्या लिहा. उत्तर तर बरोबर.

तासाभराने उलगडलं. फोनचा कीबोर्ड मराठी, आकडे मराठी. 'साडेबारा' देवनागरीत टाइप केलं की पोर्टलच्या लेखी तो आकडाच नाही. आता आपण पेपर मराठीतून म्हणतो, पुस्तकात देवनागरी आकडे छापतो, व्हिडिओत मी देवनागरी आकडे लिहिते, आणि उत्तर मात्र इंग्रजी आकड्यांतच द्या! पोर्टल सांभाळणाऱ्यांना लिहिलं. त्यांच्याकडून 'नोंद घेतली' असं आलं. तोवर काय? आकडा लिहायचा प्रत्येक प्रश्न बदलून बहुपर्यायी केला, आणि जिथे करता आला नाही तिथे प्रश्नाखाली लाल अक्षरांत सूचना. चाचणी पुन्हा घेतली. अंतर्गत मूल्यमापनाचे ३० गुण अशाच चाचण्यांवर आहेत, म्हणून ती तशीच सोडता येत नव्हती.

११ ऑक्टोबर

रात्री ११.४० ला व्हॉट्सअ‍ॅप. "मॅडम, मॉड्यूल ११ मध्ये आकडे क्रमाने लावायचे राहिले का?"

उघडलं. मध्यक शिकवतेय. पाच आकडे: १२, ७, १९, १५, ९. मी शांतपणे मधला आकडा १९ ला गोल करतेय आणि म्हणतेय, "हा आपला मध्यक." क्रमाने लावले तर ७, ९, १२, १५, १९, म्हणजे मध्यक १२. पुढच्याच मिनिटाला मी "आधी चढत्या क्रमाने लावा" असा नियमही सांगते. तोच नियम स्वतः मोडल्यानंतर.

हे मी पाहिलं होतं. एडिटिंग करणाऱ्या मुलाने पाहिलं होतं. विषयतज्ज्ञांनी तपासून सही केली होती. १४० जणांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला होता. वर्गात फळ्यावर ही चूक झाली असती तर पहिल्या बाकावरून तीन सेकंदांत ओरड झाली असती आणि डस्टरने पुसून टाकली असती.

विचारणारी बाई गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करते. मी आभार मानले तर म्हणाली, "रोज आकडेच बघते ना, म्हणून खटकलं."

२१ ऑक्टोबर

मॉड्यूल ११ दुरुस्त करायला दहा दिवस लागले. त्यातलं रेकॉर्डिंग ४० मिनिटांचं. बाकी वेळ परवानगीचा: एकदा मंजूर झालेलं मॉड्यूल बदलायचं तर बदलाचं पत्र, तज्ज्ञांची पुन्हा सही, मग पोर्टलवर चढवणं. तोवर व्हिडिओखाली दुरुस्तीची ओळ टाका म्हटलं, तर तीही परवानगीशिवाय नाही. मी चर्चामंचावर आणि ग्रुपवर लिहून टाकलं.

त्या ताईंशी बोलता बोलता एक उदाहरण मिळालं. एक जण १० लिटर दूध घालतो, फॅट ३.४. दुसरा २ लिटर, फॅट ४.६. नुसती सरासरी ४.०. पण दोन्ही एका कॅनमध्ये ओतली तर फॅट ३.६ लागेल, कारण ३४ अधिक ९.२ भागिले १२. भारित मध्य इतक्या सरळपणे मी कधीच सांगितला नव्हता. पुस्तकात 'भार म्हणजे सापेक्ष महत्त्व' अशी ओळ आहे. परवानगीच्या त्याच पत्रात हेही घुसवलं. मॉड्यूल ९ नव्याने केलं. शेवटपर्यंत पाहणारे वाढले.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दिवाळीत चर्चामंचावर शून्य हालचाल, आणि पंधरवड्यात किमान दोन तास सहभागाची अट आहे. काल एका दिवसात ८६ नोंदी आल्या, त्यांतल्या ७१ 'छान माहिती मॅडम'. पोर्टल ती मोजतं, मीही मोजू दिली. खरी चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दहानंतर होते, ती कुठेच मोजली जात नाही.

आजचा घोळ: प्रमाण विचलनाची चाचणी. मजकुरात भागाकार आकड्यांच्या संख्येने. उत्तरं मात्र मी घाईत एक्सेलमधून काढली होती, नमुन्यासाठीच्या सूत्राने, आणि ते संख्येतून एक वजा करून भागतं. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आकड्यांना पुस्तकाप्रमाणे बरोबर २, माझ्या उत्तरसूचीत २.१४. १४ जणांचे गुण बरोबर लिहूनही गेलेले. दोन्ही सूत्रं आपापल्या जागी योग्य, पण मी मुलांना एकच शिकवलं होतं. गुण परत दिले. एक्सेलमध्ये दोन वेगळी सूत्रं आहेत आणि नावांत शेवटच्या एकाच अक्षराचा फरक आहे, एवढं लक्षात ठेवा.

१९ जानेवारी २०२५

सत्रान्त परीक्षा, ७० गुण, घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली. १९८ जणांनी दिली. सॉफ्टवेअरने १६३ जणांवर संशयाचे शेरे मारले. शेरा सगळ्यांना एकच: 'नजर वारंवार पडद्याबाहेर'. अहो, संख्याशास्त्राचा पेपर आहे, कच्ची आकडेमोड कागदावर करणार, मान खाली जाणारच!

१६३ जणांचे तुकडे बघायला सहा दिवस लागले. याचे पैसे मेंटरच्या मानधनातच. एका तुकड्यात मागून आजी येऊन चहा ठेवून जाते, एकात लाइट जातो आणि अंधारात नुसता श्वास ऐकू येतो. खरी शंका घ्यावी असे चार निघाले. पुढच्या वेळी कोरा कागद सुरुवातीलाच कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंनी दाखवायचा आणि मान खाली गेल्याचा शेरा बंद ठेवायचा, असं लिहून दिलंय.

३ फेब्रुवारी

निकालाआधीची शेवटची तपासणी. मध्यकाचा एक प्रश्न होता: १४, ६, २१, १०, ८. उत्तर १०. सहा जणांनी २१ लिहिलंय. मधला आकडा, क्रम न लावता.

सहाही जणांचे अहवाल काढले. कुणीच दुरुस्त केलेलं मॉड्यूल ११ पोर्टलवर उघडलेलं नाही. एकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, नेट वाचवायला सप्टेंबरमध्येच ग्रुपवरून डाउनलोड करून ठेवला होता. तुम्हीच साठ एमबीचा करून टाकलेला ना, तो."

प्रश्न दोन गुणांचा. सहांपैकी दोघे उत्तीर्णतेला दोन गुणांनी कमी आहेत. व्हिडिओ माझा, चूक माझी, हे गुण द्यावेत, असं पत्र मॉड्यूलच्या जुन्या फाइलसकट परीक्षा विभागाला पाठवलं. विभागाने विचारलं आहे की जुनी फाइल अधिकृत होती हे कशावरून.

तज्ज्ञांच्या सहीची प्रत शोधते आहे.